वसंतातला कुजका बर्फ आणि पतंगाची ओढ : परदेशी स्नोकाइटिंग करू पाहणाऱ्या बडोदेकरांसाठी

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मुलाला पतंग उडवायला वेगळे शिकवावे लागत नाही. वारा कुठून येतो, ढील केव्हा द्यायची आणि खेच केव्हा मारायची हे त्याच्या हातालाच कळते. त्यामुळे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा ओंटारिओसारख्या थंड मुलखात गेलेल्या आपल्या मुलांना तिथल्या गोठलेल्या तळ्यावर पायांत स्की घालून, कमरेला भला मोठा पतंग अडकवून वाऱ्याबरोबर सुसाट जाणारी माणसे दिसली, की हा खेळ तर आपलाच आहे असे त्यांना वाटू लागते. मलाही तसेच वाटले होते. मिनेसोटात काढलेल्या आठ हिवाळ्यांपैकी पाच हिवाळे मी हा खेळ खेळलो आणि त्यांतल्याच एका मार्चअखेरीस बर्फ फुटून छातीपर्यंत पाण्यात गेलो. उत्तरायण जवळ आले की भाचरे आणि पुतणे या खेळाविषयी विचारतात; तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी राहून जाते, म्हणून हे सगळे एकदा क्रमाने लिहून काढले आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. आकाशातून पडणारा भुसभुशीत बर्फ आणि पाणी गोठून झालेला घट्ट बर्फ या दोहोंना आपण बर्फच म्हणतो, कारण बडोद्यात राहून दोन शब्दांची गरज कधी पडतच नाही. या लेखात पडणाऱ्या बर्फाला हिम म्हटले आहे आणि तळ्याच्या पृष्ठभागावर गोठलेल्या थराला बर्फ. वसंतातला धोका या दोहोंच्या फरकातूनच सुरू होतो.

जाडी कशी फसवते

नवा माणूस जानेवारीत तिकडे पोहोचतो तेव्हा तळ्यावर मोटारी उभ्या असतात, मासे पकडणाऱ्यांच्या लाकडी खोपट्यांची वस्ती पडलेली असते आणि पोरे त्यावर हॉकी खेळत असतात. मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग चालणाऱ्या माणसासाठी किमान ४ इंच, स्नोमोबाइलसाठी (हिमावर धावणाऱ्या छोट्या मोटरगाडीसाठी) ५ ते ७ इंच आणि लहान मोटारीसाठी ९ ते १० इंच बर्फ असावा असे सांगतो. हे आकडे नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाचे आहेत. दुधाळ पांढऱ्या बर्फाची ताकद साधारण निम्मी असल्याने तिथे जाडी दुप्पट धरावी लागते. कॅनडाचे संशोधक लॉर्न गोल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्रही वापरात आहे. त्यानुसार सेंटिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून त्याला साधारण ४ ने गुणले की पेलणारे वजन किलोत मिळते. म्हणजे १० सेंटिमीटर बर्फ सुमारे ४०० किलो पेलतो, पण जाडी निम्मी झाली की वजन निम्मे होत नाही, चौथा हिस्सा होते, आणि ५ सेंटिमीटरवर जेमतेम १०० किलो उरतात.

मार्च उलटला की हा सगळा हिशेब निकामी होतो, कारण तो धडधाकट बर्फाचा हिशेब आहे. तळ्याचा बर्फ बहुधा उभ्या स्फटिकांच्या जुडीसारखा वाढलेला असतो. वसंतातले ऊन त्याच्या आत शिरते आणि स्फटिकांचे सांधे आधी वितळवते. वरून पाहाल तर दीड-दोन फूट जाडीचा थर तसाच दिसतो, पण आतून तो एकमेकींना नुसत्या टेकून उभ्या असलेल्या कांड्यांचा गठ्ठा झालेला असतो. तिकडे याला कँडल आइस किंवा सरळ कुजका बर्फ म्हणतात. आपल्याकडे गोळेवाल्याच्या हातगाडीवर गोणपाटाबाहेर राहिलेली लादी पाहिली असेल. सकाळी टोच्याला दाद न देणारी तीच लादी दुपारी एका घावात उभी सुटते आणि तिच्या कांड्या हातात येतात. तळ्यावर नेमके हेच होते, फक्त त्या लादीवर आपण उभे असतो.

ऊन इतके कसे काय करू शकते, असे वाटणे साहजिक आहे. मिनेसोटातून ४५ अंशांचे अक्षवृत्त जाते. तिथे डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २१-२२ अंश वर येतो, पण २१ मार्चला तो ४५ अंशांवर असतो. बडोद्यात उत्तरायणाच्या दुपारी, म्हणजे १४ जानेवारीला, सूर्य साधारण ४६ अंशांवर असतो. गच्चीवर टोपी न घालता उभे राहिल्यावर डोक्याला जे ऊन लागते, जवळजवळ तेच ऊन मार्चअखेर तिथल्या बर्फावर पडत असते. बर्फावर ताज्या हिमाची चादर आहे तोवर ती बहुतेक प्रकाश परत फेकते. हिम वितळून काळपट बर्फ उघडा पडला, की ऊन थेट आत जाते आणि मग काही दिवसांत, कधी कधी काही तासांत, चित्र पालटते. हिम गेलेले दिसताच बर्फ छान गुळगुळीत झाला म्हणून पतंग काढणारे लोक मी पाहिले आहेत. एका वर्षी त्यांत मीही होतो.

बर्फावर जाणे मुळातच वेडेपणा आहे, असे माझे म्हणणे नाही. लडाखात पँगाँग तलावावर २० फेब्रुवारी २०२३ रोजी २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन झाली ती गोठलेल्या बर्फावरूनच. महिना आणि सकाळ यांचा हिशेब न ठेवणे, हा वेडेपणा आहे.

पतंगामुळे काय बदलते

चालणारा माणूस दर पावलाला बर्फ तपासू शकतो. पतंगावरचा माणूस ताशी ४० किलोमीटर वेगाने गेला तर सेकंदाला ११ मीटर जातो. किनाऱ्याजवळ तपासलेला बर्फ अर्ध्या मिनिटात मागे पडतो आणि समोरच्या बर्फाची माहिती फक्त डोळ्यांनी मिळते, तीही उन्हाच्या तिरिपीत. म्हणून या खेळात निर्णय किनाऱ्यावर घ्यावा लागतो. बर्फावर गेल्यानंतर तो घ्यायला सवड मिळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हाताच्या सवयीची आहे आणि बडोदेकराला तीच जास्त नडते. उत्तरायणात अडचण आली की आपण खेचतो, आणि पतंग हातून जाणे हा पराभव असतो. स्नोकाइटच्या दोऱ्या साधारण २० ते २५ मीटर लांब असतात, त्या हातातल्या एका दांड्याला, म्हणजे बारला, जोडलेल्या असतात आणि मुख्य ओढ कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर, म्हणजे हार्नेसवर, येते. यात बार स्वतःकडे ओढला की पतंगाची ताकद वाढते आणि बार सोडून दिला की कमी होते. घाबरलेला आपला हात नेमका उलटे करतो. त्यात वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरचा वारा ३० झाला की ओढ चौपट होते. म्हणून बर्फावर जाण्याआधी गवतावर किंवा हिमाच्छादित शेतात उभे राहून तीन गोष्टी शंभर वेळा कराव्यात: बार सोडणे, हार्नेसवरचे क्विक रिलीज (झटकन सुटका करणारी कळ) दाबणे, म्हणजे पतंग एका दोरीवर येऊन कोसळतो, आणि शेवटी सुरक्षा लीश, म्हणजे पतंगाला आपल्याशी बांधून ठेवणारी ती शेवटची दोरी, हीही मोकळी करणे, म्हणजे पतंग पूर्णपणे सुटून जातो. हातमोजे घालून, डोळे मिटून, डाव्या हातानेही हे जमले पाहिजे.

घरून निघण्यापूर्वी

मागच्या आठवड्याचे रात्रीचे तापमान पाहावे; दिवसाचे नंतर. सलग दोन-तीन रात्री पारा शून्याखाली गेला नसेल तर त्या तळ्याचा विचार सोडावा, मग गेल्या रविवारी तिथे कितीही जण खेळलेले असोत. बर्फावरचे हिम कधी गेले, पाऊस पडला का आणि दुपारनंतर वारा कुठे वळणार आहे हेही पाहावे. माहिती विचारायला सगळ्यात चांगला माणूस म्हणजे तळ्याकाठी मासेमारीचे आमिष विकणारा दुकानदार. त्याचे गिऱ्हाईक रोज बर्फात भोके पाडत असते आणि कोणत्या खाडीत पाणी उघडे झाले हे त्याला आदल्या दिवशीच कळते. तो नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

सामानात मार्चसाठी चार गोष्टी वाढतात. पहिली म्हणजे बर्फात रुतवण्याचे दोन टोचे, दोरीने एकमेकांना जोडलेले आणि गळ्यात किंवा छातीवर लटकवलेले; पाठीवरच्या पिशवीत ठेवलेले टोचे बुडणाऱ्याच्या काही कामाचे नाहीत. दुसरी, तरंगवणारे जाकीट किंवा त्याहून चांगला ड्राय सूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा अंगभर पोशाख. तिसरी, १५-२० मीटरची फेकायची दोरी, आणि ती प्रत्येकाकडे हवी, कारण ज्याच्याकडे एकुलती एक दोरी आहे तोच नेमका पाण्यात जातो. चौथी, दोऱ्या कापायची आकडीसारखी सुरी. याशिवाय हेल्मेट, शिट्टी आणि पाणी न शिरणाऱ्या पाकिटातला फोन हवेतच. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात आणि पाण्यात पाय मारताच येत नाहीत, म्हणून वसंतात सुटू शकणाऱ्या बाइंडिंगची (बूट अडकवण्याच्या पकडीची) स्कीच वापरावी, असे माझे ठाम मत आहे.

किनाऱ्यावरची तपासणी

हाताशी एक लोखंडी पहार असावी आणि बर्फाला भोक पाडायचे गिरमिट असावे. किनाऱ्यावरून चालत निघावे, दर काही पावलांवर पहारीचा जोरदार घाव घालावा आणि आवाज ऐकावा. धडधाकट बर्फ टणत्कार करतो आणि पहार उडवून लावतो. कुजका बर्फ भद्द करतो. एका घावात पहार आरपार गेली तर आल्या पावली, आपल्याच पावलांवरून, परत फिरावे. पहार टिकली म्हणजे परवानगी मिळाली असे मात्र नाही. आता गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजावी आणि बाहेर आलेला चुरा हातात घ्यावा. कोरडा, पांढरा, कुरकुरीत चुरा चांगला. पाणथळ, करडा, दाणेदार चुरा वाईट. जवळचा एक तुकडा उपटून बुटाच्या टाचेने ठोकावा. तो काचेसारखा फुटला तर ठीक, आणि कांड्या होऊन सुटला तर तिथली जाडी २० इंच असली तरी तिला काही अर्थ नाही. रंगाचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: निळसर किंवा काळा पारदर्शक बर्फ मजबूत, दुधाळ निम्मा, आणि करडा म्हणजे आत पाणी भरलेला, त्यावर पायही ठेवू नये. वसंतात मात्र काळेपणावरही विसंबू नये, कारण कुजताना बर्फ काळपटच दिसू लागतो.

भोके निदान तीन ठिकाणी पाडावीत: जिथून सुरुवात करणार तिथे, खेळाच्या पट्ट्याच्या मध्यावर आणि वारा आपल्याला जिकडे नेणार त्या टोकाला. हे तिसरे भोक लोक टाळतात, कारण तिथवर चालत जाण्याचा कंटाळा येतो. तीनही ठिकाणचे एकही मोजमाप संशयास्पद निघाले तर पतंग पिशवीतून काढूच नये.

आवाजाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कडाक्याच्या थंडीत तळे गडगडते, तडकते, तोफ उडाल्यासारखे दणाणते. नवखा माणूस त्याला घाबरतो, पण तो आवाज बहुधा तापमान बदलल्याने बर्फ ताणला गेल्याचा असतो. कुजका बर्फ सहसा गप्प असतो आणि इशारा न देता बसतो.

टाळायच्या जागा आणि वाऱ्याची दिशा

ओढा किंवा नदी जिथे तळ्याला मिळते आणि जिथून बाहेर पडते त्या दोन्ही जागा, पुलाखालचा भाग, दोन काठांमधली पाण्याची अरुंद चिंचोळी पट्टी, लव्हाळ्यांचे पट्टे, काळे खडक आणि धक्क्यांच्या भोवतालचे पाणी आधी उघडते. बर्फाच्या दोन चादरी एकमेकींवर चढून उठलेले उंचवटे दुरून उडी मारायला आयतेच वाटतात, पण त्यांच्या कडेला पाणी साचलेले किंवा उघडे असते. उन्हाने तापणारा किनारा मध्यापेक्षा आधी सुटतो, म्हणून सकाळी सहज ओलांडलेली कडेची पट्टी दुपारी परतताना ओलांडता येईलच असे नाही.

वारा अशा दिशेने हवा की पतंग हातून सुटला, पाय घसरला किंवा ताकद आवरली नाही तरी आपण घसरत तपासलेल्या, मजबूत बर्फाकडेच जाऊ. उघड्या पाण्याकडे वाहणारा वारा हा सरळ नकार. किनाऱ्यावरून तळ्याच्या मध्याकडे जाणारा जोरदार वारा वसंतात बर्फाची अख्खी चादर किनाऱ्यापासून सोडवू शकतो. आणि वारा पडू शकतो, हेही विसरू नये. पडला तर पतंग गुंडाळून पायीच परत यायचे असते, म्हणून पायी परतता येईल त्यापेक्षा लांब जाऊ नये.

माझी चूक याच ठिकाणी झाली. सकाळी नऊ वाजता किनाऱ्याजवळ मोजला तेव्हा १४ इंच बर्फ होता आणि वारा पश्चिमेचा होता. ईशान्येच्या कोपऱ्यात एक ओढा तळ्याला मिळतो हे मला ठाऊक होते, पण वारा मला तिकडे नेणार नव्हता, म्हणून तिकडचे भोक मी पाडले नाही. साडेअकराच्या सुमारास वारा वळून नैर्ऋत्येचा झाला, मला ते उशिरा कळले, आणि मी थोडा वळसा घेऊन परतू पाहत असताना बर्फ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा पायाखालून निघून गेला. आवाज झाला नाही. माझ्या हातांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बार जिवाच्या आकांताने छातीशी ओढला. पतंगाला जोर चढला, त्याने मला समोरच्या काठावर दाबले, काठ मोडला, पुन्हा दाबले, पुन्हा मोडला, आणि दरवेळी मी चांगल्या बर्फापासून एक हात लांब गेलो. मागून सोबती ओरडत होता, ‘सोड! सोड!’ तो तिथलाच गोरा माणूस. हा एक मराठी शब्द माझ्याकडूनच शिकला होता. मी बार सोडला, क्विक रिलीज दाबले आणि मग कुठे मला स्वतःचा श्वास ऐकू आला.

बर्फावर असताना

पतंग नेहमीपेक्षा लहान लावावा, वेग कमी ठेवावा आणि उड्या पूर्ण बंद ठेवाव्यात, कारण उतरतानाचा दणका नुसत्या वजनाच्या कितीतरी पट असतो. दोघांमध्ये दोऱ्यांच्या लांबीच्या दुपटीहून अधिक अंतर असावे आणि गप्पा मारायला एका जागी जमू नये. एक माणूस किनाऱ्यावर दोरी आणि फोन घेऊन थांबावा. त्याने खेळू नये. परतण्याची वेळ आधीच ठरवावी. मी नंतरच्या वर्षांत मार्चमध्ये सकाळी दहाला पतंग उतरवत असे, मग वारा कितीही गोड असो.

पाण्यात गेल्यास

मॅनिटोबा विद्यापीठातले थंडीचे अभ्यासक गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी रूढ केलेला एक–दहा–एक हा हिशेब इथे पाठ असावा: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्याची दहा मिनिटे आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. पहिल्या मिनिटात माणूस अनावर धापा टाकतो. तेव्हा तोंड पाण्याबाहेर ठेवणे एवढेच काम. त्याच मिनिटात पतंग सोडावा. पतंगाच्या पहिल्याच झटक्याने आपसूक वर काढले तर उत्तम, पण त्याची वाट पाहत बसू नये. एकदा काठ मोडला की सोडावाच, लीशसकट.

मग जिकडून आलो तिकडे तोंड करावे, कारण त्या बाजूच्या बर्फाने आत्तापर्यंत आपल्याला पेलले आहे. टोचे हातात घ्यावेत, कोपर बर्फावर टेकावेत आणि पोहल्यासारखे पाय मारत शरीर आडवे करावे. उभे राहून हातांवर चढू पाहणे व्यर्थ आहे. पाय मारत, टोचे पुढे रुतवत, पोटावर सरकत बाहेर यावे आणि उठून उभे न राहता लोळत किंवा सरपटत आल्या वाटेने मागे जावे. बाहेर पडता आले नाही तर बाह्या बर्फावर पसरून निश्चल राहावे, म्हणजे कपडे गोठून चिकटतात आणि शुद्ध हरपली तरी माणूस खाली जात नाही, असा एक सल्ला दिला जातो. तो कडाक्याच्या थंडीत खरा आहे, पण वसंतातल्या दुपारी हवा शून्याच्या वर असते आणि बाही गोठत नाही. म्हणून तेव्हा तरंगवणाऱ्या जाकिटाला पर्याय नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाने धावत जाऊ नये. आधी ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा, मग स्की किंवा काठी पुढे करून पाहावी, ती पोचत नसेल तर दोरी फेकावी, आणि पुढे जावेच लागले तर पोटावर झोपून. पतंगाच्या दोऱ्या फार मजबूत असतात, पण बारीक असतात, आणि ओल्या, गारठलेल्या बोटांना त्या काय करतात हे मांज्याने कापलेल्या बोटाला सांगावे लागत नाही. ओढायला त्या वापरू नयेत.

बाहेर काढलेल्या माणसाला आडवे निजवावे, ओले कपडे उतरवावेत, छाती आणि पोटाला आधी ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत, दारू देऊ नये, चालवत नेऊ नये. पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड चहा चालतो. थरथर थांबली पण माणूस गुंगीत आहे, हे लक्षण बरे होण्याचे समजू नये, रुग्णालयात न्यावेच.

सुटलेला पतंग

उत्तरायणात कापलेला पतंग लुटायला पोरे रस्त्यावरून वर पाहत पळतात, हा आपल्या गावचा जुना रिवाज. तळ्यावर सुटलेला पतंग कुठेतरी शे-दोनशे मीटरवर बर्फावर पडलेला दिसतो, महागडा असतो, आणि ओले कपडे अंगावर असतानाही मन तिकडे ओढ घेते. आणायला जाऊ नये. माझा गेला तो गेलाच. तेवढे एक काम मात्र त्याच दिवशी करावे: तिथल्या शेरिफच्या कार्यालयाला फोन करून कोणत्या रंगाचा पतंग कुठे पडला आहे आणि माणूस सुखरूप आहे हे कळवावे. नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणाला तरी बर्फावर रिकामा पतंग दिसतो आणि पाण्यात नसलेल्या माणसाला शोधायला दुसरी माणसे त्याच बर्फावर उतरतात.